पांढऱ्या पातळातली आई

देवरावला दवाखान्यात एकच काम होतं. पोरीला दाबून धरायचं.

भैयाजीची गाडी व्हरांड्यात वळली की तिचं पुढचं चाक कुरकुरायचं. गाडी म्हणजे ड्रेसिंगची. वर कात्र्या, चिमटे, मलमाचा डबा आणि पट्ट्यांची चळत. भैयाजी हा जळीत वॉर्डात पट्ट्या बदलणारा माणूस. वाईट नव्हता बिचारा, लेकरांना गोळ्या-बिस्किटं द्यायचा. पण ते चाक वाजलं की वॉर्डातली लेकरं एकदम गप्प व्हायची, आणि मग एकेक करून रडायला लागायची. एवढ्या मोठ्या दवाखान्यात त्या चाकाला थेंबभर तेल घालावं हे कुणाला सुचू नये, याचा देवरावला भयंकर राग यायचा. मग तो राग गिळून तो हर्षाच्या खाटेशी जाऊन उभा राहायचा. खांदे त्याने धरायचे, गुडघे रुखमाबाई आयाने.

आठ वर्षांची पोर, हाताला लागेल ती फक्त हाडं. पण त्या वेळी कुठून बळ यायचं कोण जाणे. सुरुवातीला ती ओरडायची, "बाबा, सोडा ना जी!" मग ओरडायला लागली, "बाबा, पाया पडतो तुमच्या!" पुढे पुढे शब्द गेले, नुसता आवाज राहिला. आणि एक दिवस ड्रेसिंग संपल्यावर देवरावने पाण्याचा गिलास पुढे केला, तर तिने तोंड फिरवलं आणि रुखमाबाईकडे पाणी मागितलं. त्या दिवसापासून तिच्या तोंडून 'बाबा' हा शब्द निघालाच नाही. आई नसलेल्या पोरीचा बापही गेला असं त्याला वाटलं, आणि ते खोटंही नव्हतं.

झालं होतं ते असं. देवराव चामोर्शीकडच्या एका राइस मिलमध्ये बायलरवर होता. बायलर धानाच्या कोंड्यावर चालतो, आणि कोंड्याची राख मिलमागच्या पडीत टाकतात. ही राख मोठी दगाबाज. वरून बघाल तर करडी, थंड, पिठासारखी मऊ. आतमध्ये मात्र कितीतरी दिवस विस्तव धुमसत असतो. मिलमधल्या प्रत्येक माणसाला हे ठाऊक असतं आणि प्रत्येक माणूस आपल्या लेकरांना सांगायचं विसरतो. नव्याण्णव सालचा डिसेंबर, हंगाम जोरात, देवरावला जेवायला घरी जायची सवड नव्हती. हर्षा डबा घेऊन आली आणि जवळची वाट म्हणून ढिगावरून निघाली. दोन्ही पाय घोट्याच्या वरपर्यंत आत गेले. डबा मात्र तिने सोडला नव्हता. तिला बाहेर ओढली तेव्हाही तो हातातच होता. मग तिला चांद्याच्या या मोठ्या दवाखान्यात आणली.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण बोलायच्या सरळ. त्यांनी देवरावला खिडकीपाशी नेऊन सांगितलं, "देवरावजी, उजवा पाय भरून येईल. डाव्याची मला भीती वाटते. मेलेली कातडी निघाली तर खालून नवी येईल. पण ही इतकी हलते की भैयाजीची कात्री अर्ध्यातच थांबते. उरलेल्या कातडीखाली पू धरतोय. असंच चाललं तर पाय घोट्यापासून काढावा लागेल."

"गुंगीचं इंजेक्शन देऊन नाई होत का, बाई?"

"छाती कफाने भरली आहे तिची. गुंगीत श्वास अडकला तर मी काय करू? थोडं दुखणं कमी करायचं औषध देते, पण ते पुरत नाही हे तुम्ही बघताच आहात. ती हलली नाही पाहिजे. एवढंच."

एवढंच! देवराव बाहेर येऊन नळापाशी उभा राहिला. फाटकातून माणसं येत-जात होती. चपला घातलेले, अनवाणी, कुणी घाईत, कुणी रमतगमत. प्रत्येकाला दोन पाय होते, आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. त्याला त्या सगळ्यांचा हेवा वाटला.

शेजारच्या खाटेवर शिरीन होती. चांद्यातल्याच बांगडीवाल्यांची लेक, हर्षाहून लहान. उकळत्या डाळीचं पातेलं कलंडून तिचा हात कोपरापर्यंत भाजला होता. भैयाजीची गाडी तिच्याकडे वळली की देवराव मान फिरवायचा; आपल्या पोरीचं बघायचं नशिबी होतं तेवढं पुरे होतं. पण एकदा मान फिरवून उभा असताना त्याच्या लक्षात आलं की रडण्याचा आवाजच येत नाही. त्याने वळून पाहिलं. शिरीनने चांगल्या हाताने डोळ्याला प्लास्टिकचा एक लालभडक कॅमेरा लावला होता आणि तोंड खिडकीकडे केलं होतं. बोटाने खटका दाबायची, खट्‌ वाजायचं, पुन्हा दाबायची. भैयाजी पट्टी सोलत होता. मध्ये दोनदा तिने "स्स" केलं, बस्स.

"ते काय हाय जी, बाई?" देवरावने तिच्या आईला विचारलं.

"खेलणा हाय, भाऊ," सईदा म्हणाली. "आत फोटो हायत. खटका दाबला का दुसरा फोटो येते. सासरे हजले गेल्ते ना, त्यायनं आनला."

सईदाला बोलायला माणूस हवंच होतं. तिचे सासरे नूर मोहम्मद हजला गेले ते बायकोला घेऊन, आणि परतले ते एकटेच. म्हातारी तिकडेच तापाने गेली, तिकडच्याच मातीत ठेवली. येताना त्यांनी झमझमच्या पवित्र विहिरीच्या पाण्याचा डबा आणला, खजूर आणले आणि दादीच्या नावाने रडणाऱ्या नातीसाठी हा कॅमेरा. सईदा हे सगळं सांगत होती, पण देवरावच्या कानात त्यातलं अर्धंही शिरलं नाही. त्याला एवढंच कळलं होतं की पोरगी रडली नव्हती.

"एक डाव माह्या पोरीले देता का?" त्याने विचारलं. लाजत विचारलं, कारण मागायची त्याला सवय नव्हती.

"एक डाव काऊन? ड्रेसिंगच्या टायमाले रोज घ्या," सईदा म्हणाली.

पुढच्या ड्रेसिंगला चाक कुरकुरलं, हर्षाने खाटेचा गज पकडला, आणि देवरावने खांदे धरण्याऐवजी तो लाल कॅमेरा तिच्या डोळ्याला लावला. आधी तिने मान झटकली. मग खट्‌ झालं, आणि ती थांबली. मग तिने स्वतःच खटका दाबला.

आत काय होतं हे देवरावने आदल्या दिवशीच बघून ठेवलं होतं. मनोरे, मोठमोठी अंगणं, एक उंट आणि एका फोटोत उन्हाने फटफटलेलं मैदान. मैदानभर पांढरे मंडप, आणि मंडपांमधून मुंग्यांसारखी दाटलेली पांढऱ्या कपड्यांची माणसं. हे सगळं तिकडचं, हजचं, हे त्यालाही कळत होतं. त्या फोटोवर हर्षा आली आणि तिचं बोट खटक्यावरच थांबलं.

"ही तं आपली दीक्षाभूमी हाय," ती म्हणाली.

भैयाजीची कात्री चालू होती. रुखमाबाई गुडघे धरायला वाकली होती, ती तशीच थांबली.

"हाय ना? ते मंडप. अन् सारे पांढरे कपडे," हर्षा म्हणाली.

आता यात त्या पोरीची काय चूक? तिने आयुष्यात एकच मोठी गर्दी पाहिली होती. मागच्या वर्षी ऑक्टोबरात चांद्याच्या दीक्षाभूमीवर आई-बापाबरोबर आली होती तीच. सगळीकडे पांढरी पातळं, पांढरे सदरे, निळे झेंडे, पुस्तकांची दुकानं, तंबू. तिथे ती हरवली होती, आणि एका खांबाला धरून रडत उभी असताना आईला, मीराबाईला, सापडली होती. आणि यंदाच्या पावसाळ्यात मीराबाईचा हिवताप डोक्यात गेला, आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं.

देवराव एक शब्द बोलला. "हाव."

आयुष्यात माणूस मोठमोठी खोटी बोलतो आणि पचवतो. देवरावचं हे खोटं एका अक्षराहून फारसं मोठं नव्हतं. पण त्या वेळी कात्री चालू होती, पोर हलत नव्हती, आणि तो 'हाव' म्हणाला नसता तर तो बाप कसला, असंच कुणीही म्हटलं असतं.

"मंग आई यातच असन," हर्षा म्हणाली, आणि डोळा आणखी घट्ट लावून शोधायला लागली.

भैयाजीने उजव्या पायाची पट्टी पूर्ण केली, डाव्याची निम्मी केली. तो घामाघूम झाला होता आणि हसत होता. "देवरावभाऊ, आज तं पोरगी एका जागी पुतळ्यावानी बसली जी!"

"मी हलत नाई," कॅमेरा डोळ्यावर ठेवूनच हर्षा म्हणाली. "आईनं सांगितलं होतं. गर्दीत हरपली तं एका जागी उभी राह्य, हलू नोको. हललीस तं मले दिसनार नाईस."

मीराबाई हे बोलली होती खरं. देवरावसमोर, पोरीला पोटाशी धरून, रागाने आणि रडत.

त्यानंतरचे काही दिवस बरे गेले. बरे म्हणजे त्या वॉर्डात जितके बरे जाऊ शकतात तितके. चाक कुरकुरलं की हर्षा स्वतः हात पुढे करायची, शिरीन कॅमेरा द्यायची. हर्षा मैदानाचा फोटो लावायची आणि ओळीने शोधायला लागायची. "इथी एक बाई हाय, पन ते लठ्ठ हाय. आई नोय." "इथी कोपऱ्यात कोनी बसून हाय." देवरावही कानाशी तोंड नेऊन म्हणायचा, "त्या मंडपाच्या मागं पाह्य बरं. ते थकली असन तं सावलीत बसली असन." पोरीचे ओठ दुखण्याने पांढरेफटक व्हायचे, डोळ्यांतून पाणी गळायचं, पण पाय जागचा हलत नव्हता. ती बोलत होती त्याच्याशी. 'बाबा' अजून म्हणत नव्हती, पण देवरावला वाटलं, येईल तेही. त्याने स्वतःला जास्त हावरटपणा करू दिला नाही.

डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला. "उजवा छान आहे. डाव्याची टाच अजून राहिली आहे, तिथे खोल गेलंय. उद्या सकाळी मी स्वतः बसते. सगळं काळं निघालं पाहिजे, वेळ लागेल. ही आत्ता बसते तशी बसली तर पाय वाचेल. नाही बसली तर यापुढे मी थांबू शकत नाही, विष अंगात चढेल."

"बसते जी. बसते ते," देवराव म्हणाला. त्या दिवशी दुपारी तो कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

आणि त्याच दुपारी घात झाला. दोघी पोरी एका खाटेवर बसल्या होत्या. हर्षा शिरीनला कॅमेऱ्यातली जागा बोटाने दाखवण्याचा प्रयत्न करत होती, जी कुणालाच तशी दाखवता येत नाही.

"याच्यात माही आई हाय. अजून सापडली नाई," ती म्हणाली.

"झूठ!" शिरीन म्हणाली. "ये तो अरब है. इसमें मेरी दादी है. वो वहींच रह गई. तेरी मम्मी कैसे जाएगी उधर? हवाई जहाज से जाना पडता."

"ही दीक्षाभूमी हाय."

"नहीं रे बाबा! दादा से पूछ. अम्मी से पूछ."

हर्षाने कुणालाच विचारलं नाही. तिने देवरावकडे पाहिलं. देवरावच्या हातात तांब्या होता, तो त्याने उगाचच खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. पोरीला उत्तर मिळालं.

"तुमी हाव म्हनलं होतं," ती म्हणाली.

बस्स, एवढंच. कॅमेरा शिरीनच्या मांडीवर ठेवून ती आपल्या खाटेवर न्या म्हणून रुखमाबाईला हाक मारू लागली. सईदाने शिरीनच्या पाठीत धपाटा घातला, तेव्हा देवराव मध्ये पडला. "मारू नोका बाई. पोरगी खरं बोलली. खोटं मी बोललो." मग त्याने सगळं सांगितलं. सईदाच्या सासूच्या मातीत ही पोर इतके दिवस स्वतःची आई शोधत होती हे ऐकून सईदा रागावेल असं त्याला वाटलं होतं. सईदा पदराने डोळे पुसत म्हणाली, "शोधू द्या ना, भाऊ. आमची पोरगी बी तेच करते. तिले वाटते, दादी हात हलवन."

पण हर्षा आता शोधणार नव्हती. देवरावने विनवलं, कॅमेरा पुढे केला, तिने डोळे मिटून घेतले. तो म्हणाला, "उद्या हलू नोको माय, नाई तं पाय जाते." ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "जाऊ द्या."

आठ वर्षांच्या लेकराने 'जाऊ द्या' म्हणावं! उद्या चार माणसं तिला दाबतील, ती तडफडेल, डॉक्टरीणबाई कात्री खाली ठेवतील, आणि मग कधीतरी ती त्याला विचारेल की माझा पाय कुठे आहे. देवराव व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला आणि डोकं गुडघ्यांत घातलं. खिशातली प्लास्टिकची पिशवी छातीला टोचत होती.

त्या पिशवीत रेशनकार्ड होतं आणि स्टुडिओचं एक कागदी पाकीट. दीक्षाभूमीवर त्या दिवशी तिघांनी एक फोटो काढून घेतला होता. मीराबाई मधोमध उभी, पांढरं पातळ, डोक्यावर पदर, आणि नुकतीच पोर सापडल्यामुळे चेहरा असा की आता हसेल की रडेल सांगता येऊ नये. घरी भिंतीवरच्या फोटोला पावसाळ्यात ओल धरली आणि मीराबाईचा चेहराच पुसला गेला. निगेटिव्ह तेवढी शाबूत होती. चांद्याला गेलो की तिचा मोठा फोटो करून बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावू, म्हणून देवराव ती खिशात घेऊन फिरत होता. चांद्याला आला तो असा.

त्याने निगेटिव्ह हातात घेतली आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

देवरावला निगेटिव्हचं एवढंच माहीत होतं, जेवढं बाजारात फोटो काढून घेणाऱ्या कुठल्याही माणसाला असतं. हातात धरली की ती काळपट दिसते. पण स्टुडिओवाला ती भिंगाच्या मशीनमध्ये घालतो, मागून उजेड टाकतो, आणि रंगीत फोटो निघतो. म्हणजे करामत भिंगाची आणि उजेडाची. आणि या कॅमेऱ्यात दुसरं काय होतं? भिंग होतं, मागून उजेड यायची खिडकी होती, आणि आतले फोटो कागदाचे नव्हते, अशाच फिल्मचे होते. बायलरचे वॉल्व्ह खोलून जोडणाऱ्या माणसाला हा हिशोब अगदी चोख वाटला. चोख हिशोबानेच माणूस कधी कधी खड्ड्यात जातो.

दिवेलागणीला त्याने सईदाला कॅमेरा खोलू का म्हणून विचारलं. त्याच वेळी लाइट गेली. सगळ्या महाराष्ट्राला वीज पाठवणारं चांदा आणि चांद्याच्या दवाखान्यात मेणबत्ती, पण याची आता कुणाला नवाई नव्हती. सईदाने एक क्षण तो लाल कॅमेरा छातीशी धरला.

"तुटन तं नाई ना, भाऊ? सासऱ्याचा जीव हाय याच्यात."

"उंटाचा फोटो तेवढा काढतो. बाकी हात नाई लावत. मंग परत बसवून देईन."

तिने दिला. मेणबत्तीही तिनेच धरली. देवरावने चाकूने मागचं झाकण उचकटलं, फोटोंची चकती अलगद बाहेर काढली, उंट सोडवला. उंटाची ती रिकामी खिडकी नखाएवढी होती. निगेटिव्ह पूर्ण बसणं शक्यच नव्हतं. मीराबाई तेवढी कापून घ्यावी लागणार होती.

"एकच हाय का हे?" सईदाने विचारलं.

"हाव."

"मंग विचार करा, भाऊ."

"कापलेल्या तुकड्याचा फोटो स्टुडिओवाले काढून देत नाई, हे माहीत हाय मले," देवराव म्हणाला. "पन फोटोचं काय करू, बाई? पोरीचा पाय उरला पाह्यजे." त्याने भैयाजीची मागून आणलेली कात्री उघडली आणि बायकोला गर्दीतून कापून वेगळं केलं. स्वतःचा खांदा आणि हर्षाचं डोकं खाली फरशीवर पडलं.

तुकडा उंटाच्या जागी बसवून त्याने झाकण लावलं आणि कॅमेरा मेणबत्तीसमोर धरून डोळा लावला. गडद काहीतरी दिसलं, नीट काहीच नाही. त्याने खटका दाबून मनोऱ्याचा फोटो पाहिला, तोही तसाच मळकट. याला ऊन लागतं, तो स्वतःशी म्हणाला. सकाळी खिडकीशी सगळं नीट दिसेल.

सकाळी उजाडल्याबरोबर बघायचं त्याने ठरवलं होतं. पण डॉक्टरीणबाई ठरल्या वेळेआधीच आल्या, पाठोपाठ ते चाक कुरकुरत आलं, आणि हर्षाला उचलून खिडकीखालच्या टेबलावर ठेवली. उन्हाची तिरीप नेमकी तिथे येत होती. तिने खिडकीच्या गजाला घट्ट धरलं होतं, दात आवळले होते. रुखमाबाई गुडघ्यांवर वाकली.

"हर्षा," देवराव म्हणाला, "मी खोटं बोललो होतो. ते दीक्षाभूमी नवती. पन आज खरंच आई हाय याच्यात. दीक्षाभूमीवरची. पांढऱ्या पातळातली. मी सोता बसवली. एक डाव पाह्य, नाई दिसली तं पुन्हा कधी नाई म्हनत."

तिने त्याच्याकडे पाहिलं. विश्वास नव्हता त्या नजरेत; पण आईचं नाव होतं, आणि त्या नावाला कुठलं लेकरू नाही म्हणेल? तिने कॅमेरा घेतला, उन्हाकडे धरला, खटका दाबला. एकदा, दोनदा. आणि थांबली.

कॅमेऱ्यावरची तिची बोटं घट्ट झाली. डॉक्टरीणबाईंनी देवरावकडे पाहून मान हलवली आणि चिमटा उचलला.

पुढचं देवरावने पाहिलं नाही. तो पोरीचा चेहरा पाहत उभा राहिला. टाचेवरचं काळं सुटायला लागलं तसा तिच्या कपाळावर घाम आला. खालचा ओठ दातांखाली गेला आणि तिथून रक्ताचा थेंब आला. गळ्याची शीर ताठ झाली. पण तोंडातून आवाज नाही, आणि पाय टेबलाला खिळल्यासारखा. रुखमाबाईने गुडघ्यांवरचे हात काढून घेतले. धरायला काही उरलंच नव्हतं. वॉर्डातली बाकीची लेकरंसुद्धा गप्प झाली. भैयाजी मलम पुढे करता करता डोळे पुसत होता. आणि देवराव मनातल्या मनात मीराबाईला म्हणत होता, भेटलीस ना पोरीला, भेटलीस ना, आता सोडू नको.

बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाईंनी कात्री खाली ठेवली. "खालून लाल आलंय," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज बसला होता. "रक्त आहे, जिवंत आहे. देवरावजी, हा पाय राहतो." रुखमाबाईने हर्षाच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. सईदा दारातून "या अल्ला, तेरा शुकर" म्हणाली. देवरावला दोन्ही हात जोडायचे होते, पण त्याला हातच उचलवेनात.

पट्टी बांधून झाल्यावरच हर्षाने कॅमेरा डोळ्यावरून काढला. डोळ्याभोवती त्याची लाल वर्तुळाकार खूण उमटली होती.

"बाबा," ती म्हणाली.

किती दिवसांनी! देवराव झटकन तिच्या तोंडाशी वाकला. "काय माय? बोल."

"आई बी राखेत पडली का?"

त्याला कळलं नाही. तिने कॅमेरा त्याच्या हातात दिला. त्याने उन्हाकडे धरला आणि डोळा लावला.

आत मीराबाई होती. पातळ काळं ठिक्कर, कोळशासारखं. चेहरा निळसर काळा, त्यात डोळ्यांच्या जागी दोन पांढुरके ठिपके. पदराखालून निसटलेले केस जळून गेलेल्या कोंड्यासारखे पांढरट. मागे सगळं भगभगीत तांबूस, जणू भट्टीचं दार उघडलंय. आणि ती त्या सगळ्यात ताठ उभी होती.

"नाई, नाई माय!" तो घाईने बोलायला लागला. "ते तसं नाई. हे निगेटिव्ह हाय. याच्यात काळ्याचं पांढरं होते अन् पांढऱ्याचं काळं. आईचं पातळ पांढरंच होतं, तू पाह्यलं ना? आईले काई झालं नाई. खरं सांगून राह्यलो."

हर्षाने त्याला शांतपणे बोलू दिलं. मोठं माणूस लहानाला बोलू देतं तसं.

"तुमी मांगं बी असंच सांगितलं होतं," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. "पाह्यलं ना मी. सारी जळून हाय ते. पन उभी होती. रडत नवती, हलत बी नवती. मंग म्या बी नाई हलली."

देवरावने फरशीकडे पाहिलं. कालचे कापलेले तुकडे केव्हाच केराबरोबर झाडून गेले होते. देवरावच्या हिशोबी पांढऱ्या पातळातली मीराबाई आता जगात कुठेही उरली नव्हती. जी उरली होती ती त्याच्या हातात होती, आणि ती त्याने स्वतः बनवली होती.

हर्षाचे डोळे थकव्याने मिटायला आले होते. तिने त्याच्या सदऱ्याची कड बोटांत धरली.

"बाबा, आईची पट्टी कोन करते?" तिने विचारलं. "अन् तवा तिले धरते कोन?"

आपला चेहरा पोरीला दिसू नये म्हणून देवरावने कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला आणि खिडकीकडे वळला. सदऱ्याची कड तिच्या मुठीत तशीच होती. गाडी काढायला वाट हवी म्हणून भैयाजीने दोनदा हाक मारली, तरी तो जागचा हलला नाही.